शून्य अंशाला गुरं कशी मेली?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या माळरानावरच्या, कामाबद्दल लिहिताना ऑक्टोबर २०१३ मधल्या वादळाचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यांतली चार इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते : मी पशुवैद्य आहे. २०१० पासून अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात, मिसुरी नदीच्या पलीकडे, मोठ्या जनावरांच्या दवाखान्यात काम करते. त्यामुळे माझं सांगणं गुरांच्या बाजूने जास्त होईल, ते समजून घ्यावं.

प्रश्न : तुम्ही कधी हिमवर्षाव म्हणता, कधी ब्लिझर्ड. दोन्हींत फरक काय? आणि ऑक्टोबरमध्ये तिकडे हिवाळा सुरू झालेला असतो का? मुलांना नीट सांगता यावं म्हणून विचारते.
— भूगोलाच्या एक शिक्षिका

उत्तर : बाई, आधी व्याख्या सांगते, कारण इथे ती काटेकोर आहे. बर्फ नुसता पडला तर तो हिमवर्षाव. तो पिंजलेल्या कापसासारखा शांतपणेही पडतो आणि मुलं त्यात खेळतात. ब्लिझर्ड ठरतो वाऱ्यावर आणि नजरेवर. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून वेगाचा वारा, त्यात पडणारा किंवा जमिनीवरून उडणारा बर्फ, आणि साधारण ४०० मीटरपलीकडचं काही न दिसणं, हे सगळं मिळून किमान ३ तास टिकलं तर अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा त्याला ब्लिझर्ड म्हणते. म्हणजे आभाळ निरभ्र असताना, आधी पडलेला भुसभुशीत बर्फ उचलूनही वारा ब्लिझर्ड करू शकतो. किती बर्फ पडला हे त्या व्याख्येत नाही, आणि तापमानही नाही. तापमानाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात ती लागणार आहे.

ऑक्टोबर हा इथला शरद. ओढ्याकाठची कॉटनवूडची झाडं पिवळी झालेली असतात, पण पानं बरीचशी फांदीवरच असतात. एखाद्या दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. मात्र कॅनडातली हवा तोवर गारठलेली असते आणि दक्षिणेला मेक्सिकोचं आखात अजून उबदार असतं. रॉकी पर्वताच्या पूर्वेला कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते एका हाताने दक्षिणेची बाष्पाने भरलेली हवा ओढतं आणि दुसऱ्या हाताने उत्तरेची गार हवा. मध्ये अडवायला काही नाही. नकाशावर उत्तरेकडे बोट सरकवून पाहा, सगळी सपाटी आहे. बाष्प भरपूर असल्यामुळे ऑक्टोबरचा बर्फ जड असतो. जानेवारीचा बर्फ पिठासारखा उडतो. ऑक्टोबरचा ओल्या वाळूसारखा चिकटतो, फांदीला, तारेला आणि पाठीला.

अशी वादळं दर वर्षी येत नाहीत, पण येतात. १८८० चा इथला कुप्रसिद्ध लांबलेला हिवाळा ऑक्टोबरमधल्या ब्लिझर्डनेच सुरू झाला होता. २०१९ मध्ये १० ते १२ ऑक्टोबरला नॉर्थ डकोटावर आलेल्या वादळाने सोयाबीन, मका आणि शुगरबीट शेतात उभं असतानाच गाठलं. पण मुलांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ११ नोव्हेंबर १९४० ची सांगा. पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवसाची सुट्टी होती. सकाळ त्या महिन्याच्या मानाने उबदार, म्हणून मिनेसोटात मिसिसिपीच्या काठच्या पाणथळीत कितीतरी लोक पातळ जाकीट घालून बदकांच्या शिकारीला गेले. दुपारपर्यंत वारा फिरला, पारा कोसळला, आणि नदीतल्या बेटांवरून परतायला लाटांनी वाट दिली नाही. त्या वादळात सगळ्या मध्यपश्चिमेत मिळून दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्या भागाचे अंदाज तेव्हा शिकागोहून निघत आणि तिथल्या कचेरीत रात्रपाळी नव्हती. ती त्यानंतर सुरू झाली.

प्रश्न : मी पशुसंवर्धन खात्यात उभी नोकरी काढली. तुम्ही लिहिलंत की तिकडची गुरं उणे तीस अंशांत उघड्यावर राहतात. त्याच गुरांचे २०१३ च्या वादळात हजारोंनी मृत्यू झाले असंही लिहिलंत. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि वादळ येणार हे कळल्यावर मालकांनी जनावरं गोठ्यात का घेतली नाहीत? स्पष्ट विचारतो, राग मानू नये : हा हलगर्जीपणा नव्हता का?
— निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

उत्तर : साहेब, राग कसला! त्या आठवड्यात हाच प्रश्न दूरदूरच्या लोकांनी विचारला होता, आणि ज्यांनी तेव्हा आपली गुरं मोजून मोजून पुरली त्यांना तो फार लागला. तुम्ही जनावरांत आयुष्य काढलंय, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगते.

आधी एक आकडा. त्या वादळात पारा शून्याच्या आसपासच होता. उणे तीस नाही, उणे दहासुद्धा नाही.

गाय किती थंडी सोसते हे तिच्या केसांवर आणि ते केस कोरडे आहेत की ओले यावर ठरतं. आमच्या हातपुस्तिकांतला कोष्टक तुम्हाला आवडेल. हिवाळ्याचे दाट, कोरडे केस असतील तर साधारण उणे ८ अंशांपर्यंत गाईला अंगाची ऊब टिकवायला जादा ताकद खर्चावी लागत नाही. त्याखाली पारा गेला तर चारा वाढवायचा, आडोसा द्यायचा, आणि ती तगते. शरदातले केस असतील तर हीच सीमा ७ अंशांवर येते. आणि केस उन्हाळी असतील किंवा भिजलेले असतील, तर १५ अंश. अधिक पंधरा, साहेब. म्हणजे भिजलेल्या गाईला आपल्याला आल्हाददायक वाटणाऱ्या हवेतसुद्धा थंडी वाजायला लागते.

आता ३ ऑक्टोबर २०१३ चा गुरुवार डोळ्यांपुढे आणा. त्याच्या आधीचे दिवस उबदार होते. गाईंच्या अंगावर उन्हाळी, तुकतुकीत केस. गुरुवारी पाऊस सुरू झाला, गार, तिरपा, न थांबणारा. तासन्‌तास गुरं त्यात उभी राहून कातडीपर्यंत भिजली. मग पावसाचा बर्फ झाला आणि वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. शुक्रवारभर वारा तसाच राहिला. शनिवारी थांबला तेव्हा रॅपिड सिटीत ५८ सेंटिमीटरच्या आसपास बर्फ होता, आणि वर ब्लॅक हिल्सच्या डोंगरातल्या लीड गावात त्याच्या दुपटीहून जास्त.

वाऱ्यात गुरं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पाठ वाऱ्याला देतात आणि वारा ढकलेल तशी चालू लागतात. वाट बंद करायला कुंपण असतं, पण ओला बर्फ काटेरी तारांवर थापला जाऊन तिथे उतार तयार झाला आणि गुरं कुंपणावरून चालत गेली. एकावरून, मग दुसऱ्यावरून. काही कळप किलोमीटरच्या किलोमीटर गेले. पोटापर्यंत जड बर्फ, अंग भिजलेलं, चालणं थांबत नाही. मी ज्यांची शवविच्छेदनं केली त्यांच्या फुफ्फुसांत पाणी भरलेलं होतं. हृदय थकून गेलं होतं. बाकीची घळींत उतरली, कारण घळीत वारा कमी लागतो, आणि तिथे बर्फाखाली गुदमरली. काही बांध घालून केलेल्या पाण्याच्या तळ्यांत बुडाली. काही तर महामार्गाच्या कडेला पोचून तिथे आडवी झाली.

गोठ्याबद्दल. इथे गोठा नसतो. ही मांसासाठीची गुरं. एका गाईला आणि तिच्या वासराला वर्षाकाठी वीस-तीस एकर माळ लागतो, म्हणजे तीनशे गाईंचा साधा रँचसुद्धा कित्येक हजार एकरांचा. उन्हाळ्याचं रान उघडं, उंचावर, गवताचं. हिवाळ्याचं रान ओढ्याकाठी, झाडांच्या आणि कड्यांच्या आडोशाला, घराच्या जवळ. आडोसा असतो, पण तो हिवाळी रानात, आणि तिकडे गुरं न्यायची ती वासरांचं दूध तोडल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा नोव्हेंबरात. हिवाळी रानातलं गवत आधीच खाऊन संपवलं तर फेब्रुवारीत काय घालणार? वादळ येतंय हे माहीत होतं. पण इतका पाऊस, त्यावर इतका बर्फ आणि इतका वारा, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या म्हाताऱ्या माणसांनीही पाहिलं नव्हतं. आणि शेकडो गाई-वासरं विखुरलेल्या रानातून गोळा करून दुसरीकडे न्यायला दिवस लागतात, तास पुरत नाहीत.

रविवारी ऊन पडलं, लख्ख आणि उबदार. ते ऊन मला अजून विसरता येत नाही. रस्ते बंदच होते. आमच्या दवाखान्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक रँचर, सत्तरीला टेकलेले, ट्रॅक्टर घेऊन न्यायला आले. त्यांना उपचार करायला डॉक्टर नको होता, साक्षीदार हवा होता. आम्ही कुंपणाच्या रेषेने गेलो. पहिली गाय कुंपणापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर दिसली. मग दोन. मग एका घळीच्या तोंडाशी त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन बंद केलं. खाली बर्फातून पाठी, कान आणि पाय वर आलेले होते. ते उतरून एकेकीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचत होते, मी वहीत लिहीत होते. नंबरानंतर ते थांबून आणखी काहीतरी सांगत. ही अमकीची लेक. हिला दोन वर्षांपूर्वी रात्री तुम्हीच सोडवलं होतंत. मी तेही लिहिलं, कारण त्या वेळी दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. त्या एका घळीत ६४ झाली. ज्यांचे बिल्ले सापडले नाहीत त्यांची डागणी, म्हणजे अंगावर डागलेली मालकाची खूण, बर्फ खरवडून पाहिली. तीन डागण्या शेजाऱ्यांच्या निघाल्या.

वाचलेल्या गाई माळावर वासरांना हाका मारत फिरत होत्या, कासा दुधाने ताठलेल्या. तो आवाज रात्रीही येत होता.

वहीचं महत्त्व असं. त्या दिवसांत अमेरिकेचं केंद्र सरकारच निधी मंजूर न झाल्यामुळे बंद होतं, १ ते १६ ऑक्टोबर. नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावरांची भरपाई देणारी योजना तर त्याच्या दोन वर्षं आधीच संपली होती, आणि नवा शेती कायदा संसदेत अडकलेला. म्हणजे अर्ज करायला ना कचेरी उघडी, ना योजना अस्तित्वात. तरीही सगळे जाणते लोक एकच सांगत होते : फोटो काढा, नंबर लिहा, त्रयस्थाची सही घ्या. आणि हे करायचं ते घाईत, कारण मेलेलं जनावर ३६ तासांत पुरायचं, जाळायचं किंवा प्रक्रियेला पाठवायचं असा राज्याचा नियम आहे. काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, मोठे खड्डे खणून दिले. पुढे ७ फेब्रुवारी २०१४ ला शेती कायद्यावर सही झाली, योजना मागच्या तारखेपासून लागू झाली आणि बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई मिळाली. ज्यांच्याकडे नोंदी होत्या त्यांना ती मिळवणं सोपं गेलं.

पण हिशेब तुम्हीच मांडा. गाय गेली. तिच्या पाठीमागचं वासरू गेलं, आणि महिन्याभरात ते विकून वर्षाची कमाई घरात येणार होती. तिच्या पोटातलं पुढच्या वसंतातलं वासरू गेलं. आणि पंधरा-वीस वर्षं निवड करून उभी केलेली वंशावळ गेली, तिला बाजारभाव नसतो. सगळ्या पश्चिम साउथ डकोटात मिळून मृत जनावरांचा आकडा दहा हजारांच्या कितीतरी पट झाला.

म्हणून साहेब, हलगर्जीपणा हा शब्द मी मान्य करत नाही. हेच वादळ डिसेंबरात आलं असतं तर केस दाट असते, पाऊस पडलाच नसता, गुरं आडोशाला असती, आणि बहुतेक सगळी जगली असती. त्यांना थंडीने मारलं नाही. तारखेने मारलं.

प्रश्न : माझी मुलगी यंदा रॅपिड सिटीच्या विद्यापीठात शिकायला गेली आहे. मैत्रिणीबरोबर जुनी गाडी घेतली म्हणते. तुमचा लेख वाचल्यापासून झोप नाही. तिला कसं सांगू? फार बोललं तर ती ऐकत नाही.
— एक आई

उत्तर : ताई, मुलीला माझं नाव सांगून हे वाचायला द्या. आईचं नाही ऐकलं तरी अनोळखी बाईचं ऐकतात कधीकधी.

पहिली गोष्ट : जाड कोट, बूट, हातमोजे आत्ता घ्यायचे, सप्टेंबरात. नवी मुलं डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत थांबतात. आणि जीनची पँट, सुती मोजे हे ओल्या बर्फात शत्रू. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. आत लोकरीचा किंवा व्यायामाच्या कपड्यांसारखा कृत्रिम धाग्याचा थर, वर पाणी आत न येऊ देणारा. गाईंबद्दल वर जे लिहिलंय ते माणसालाही जसंच्या तसं लागू आहे.

दुसरी, गाडी. इथे वादळात आंतरराज्य महामार्गावर चढायच्या वाटा लोखंडी फाटकं लावून बंद करतात. फाटक लागलं की विषय संपला, मग परीक्षा असो की विमान. निघण्याआधी ५११ या रस्त्यांच्या माहिती सेवेवर रस्त्यांची स्थिती पाहायची. पेट्रोल कधीही अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. डिकीत हिवाळाभर झोपायची जाड पिशवी, फावडं, वाळू, टॉर्च, खाण्याचं काही, आणि एक लाल कापड ठेवायचं.

आता जे मी तिला समोर बसवून दोनदा म्हणायला लावलं असतं ते : गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. समोर दिवा दिसतोय, शेतघर जवळच आहे, असं वाटलं तरी नाही. उडत्या बर्फात दहा पावलांवर दिशा जाते. घर आणि तबेला यांच्यामध्ये दोर बांधायची जुनी रीत इथे उगीच सांगत नाहीत. अँटेनाला लाल कापड बांधायचं, आत बसायचं. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवायचं, आणि दर वेळी त्याआधी उतरून धुराड्याच्या नळीपुढचा बर्फ काढायचा. ती नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. झोप येतेय असं वाटतं, तेवढंच. वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

खोलीचंही तसंच. नव्या घरांत फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, नळ्या बाहेरच्या भिंतीतून खाली जमिनीलगत निघतात आणि बर्फाच्या ढिगाखाली जातात. त्या मोकळ्या ठेवायच्या, छतावर कार्बन मोनॉक्साइडची घंटा आहे का हे घरमालकाला विचारायचं. वीज गेली म्हणून ऊब घ्यायला गॅसची शेगडी किंवा कोळशाची चूल आत पेटवायची नाही. २०१३ मध्ये रॅपिड सिटीची झाडं पानांसकट होती. पानांवर बर्फ बसला आणि रात्रभर फांद्या मोडत राहिल्या, विजेच्या तारांवर पडत राहिल्या. आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. आम्ही दोघं, शेजारचं जोडपं आणि त्यांचा आजारी कुत्रा एकाच खोलीत झोपलो आणि ठीक राहिलो.

ताई, दर वादळात फोन लागेलच असं नाही. मनोरे बंद पडतात. तिच्याशी आधीच ठरवून ठेवा : वादळाची सूचना आली की ती एक ओळीचा निरोप पाठवेल, 'घरी आहे, निघणार नाही.' पुढचे दोन दिवस तेवढ्यावर काढायचे. अवघड आहे, माझ्या आईनेही काढले.

प्रश्न : मागच्या लेखात ज्या म्हाताऱ्या रँचरचा उल्लेख होता, त्यांनी पुढे गुरं ठेवली का?
— एक वाचक

उत्तर : ठेवली. वर ज्यांच्या ट्रॅक्टरवरून मी घळीपर्यंत गेले, तेच हे. त्या हिवाळ्यात मोंटाना आणि इतर राज्यांतल्या रँचरांनी, ज्यांची इथे कोणाशी ओळखही नव्हती, आपल्या कळपांतल्या गाभण कालवडी इकडच्या लोकांना दिल्या. ट्रेलरमधून आणून सोडल्या. आमच्या रँचरांना त्यांतल्या पाच मिळाल्या. त्यांची तपासणी करायला मीच गेले होते. कोणत्याही कालवडीवर त्यांची डागणी नव्हती, पाचही निरनिराळ्या कळपांतल्या, एकमेकींना बुजणाऱ्या. ते कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिले, मग मला विचारलं, पहिली कोण व्येईल? मी बोट दाखवलं ती दुसरी व्याली, एप्रिलमध्ये.

आता कळप त्यांची मुलगी पाहते. मुलीने एक गोष्ट बदलली. ओढ्याकाठच्या झाडांचं रान ती उन्हाळाभर राखून ठेवते आणि गाई-वासरं तिथे ऑक्टोबर लागायच्या आत आणते. त्यासाठी हिवाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो, आणि तो महाग आहे. यंदा त्यांनी २६ सप्टेंबरला गुरं हलवली. मी लसी टोचायला गेले तेव्हा दुपार चांगली तापली होती आणि गाई सावलीला उभ्या होत्या.